पोकळ ब्रेडमधला सांधा पुन्हा पुन्हा सुटतो: बिघाड कसा ओळखायचा आणि घरच्या साधनांनी दुरुस्त कसा करायचा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. पोकळ ब्रेडमध्ये, म्हणजे मासेमारीच्या नळीसारख्या विणलेल्या लाइनमध्ये, तंगूस (अखंड, न विणलेली नायलॉनसारखी दोरी) ओवून सांधा केला, हाताने जोर लावून ओढला, जराही हलला नाही. पाण्यात दोन-तीन मोठ्या ओढी बसल्यावर बघितलं तर ब्रेडचं तोंड एक सेंटीमीटर मागे गेलेलं. पुढच्या खेपेला चार सेंटीमीटर. आणि मग नेमका मासा लागलेला असताना तंगूस सबंध बाहेर. यावर पहिला उपाय म्हणून गोंद बदलला जातो, दुसरा उपाय म्हणून गोंद वाढवला जातो. दोन्हींनी काही साधत नाही, कारण या सांध्यात भार पेलायचं काम गोंदाकडे नाहीच. ते काम विणीचं आहे. वीण नीट आवळत नसेल तर त्याचं कारण निकामी झालेल्या तुकड्यावर बहुतेक वेळा स्पष्ट दिसतं. म्हणून तो तुकडा रागाने फेकून देऊ नका.

सुरुवातीला एक शंका मिटवून टाका: लाइन खरंच पोकळ आहे ना? साधी ४ किंवा ८ पेडांची ब्रेडेड लाइन घट्ट विणलेली असते, तिच्या पोटात काही ओवता येत नाही. सांध्यासाठी 'हॉलो कोअर' म्हणून विकली जाणारी, बहुधा १६ पेडांची लाइन लागते. खात्री करणं सोपं आहे. दोन्ही हातांच्या चिमटीत साधारण ५ सेंमी अंतर ठेवून लाइन धरा आणि हात जवळ आणा. पोकळ लाइन मध्यभागी फुगते आणि पेडांमधल्या फटी दिसू लागतात. भरीव लाइन नुसती वाकते.

वीण आवळते कशी, आणि सुटते कुठून

पोकळ लाइनमधले पेड तिरके असतात. ओढ बसली की ते लाइनच्या दिशेने सरळ होऊ बघतात, नळीचा व्यास कमी होतो आणि आत जे काही असेल ते आवळलं जातं. जितकी ओढ जास्त, तितकी आवळ जास्त. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या दोन गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष होतं आणि सांधे तिथेच फसतात.

एक, हा धागा कमालीचा गुळगुळीत असतो. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा म्हणजे पॉलिएथिलीनच. त्याचं घर्षण इतकं कमी, की एका सेंटीमीटरमागे मिळणारी पकड अगदी किरकोळ असते. ती भरून निघते ती फक्त लांबीने.

दुसरी गोष्ट ताणाची. हा धागा तुटेपर्यंत जेमतेम ३ ते ४ टक्के ताणतो. नायलॉनचा तंगूस त्याच्या कितीतरी पट ताणतो, आणि ताणला की बारीक होतो. आता सांध्याचं तोंड, म्हणजे जिथे ब्रेड संपतो आणि उघडा तंगूस सुरू होतो ती जागा, डोळ्यासमोर आणा. तिथे सगळा भार तंगुसावर असतो, म्हणून तंगूस तिथेच सगळ्यात बारीक झालेला असतो. ब्रेडवर मात्र त्या जागी जवळजवळ काहीच भार नसतो, म्हणून त्याची आवळ तिथेच सगळ्यात ढिली असते. सांधा सुटायला लागतो तो इथून. ओढ सैल झाली की तंगूस आखडून पूर्ववत जाड होतो, पण मागे सरकलेलं तोंड आपल्या जागी परत येत नाही. प्रत्येक झटक्याला पकडीची लांबी थोडी थोडी खाल्ली जाते. हाताने एकदाच सावकाश ओढलेला सांधा म्हणूनच पक्का वाटतो: त्याला ताण-सैल, ताण-सैल असा मार बसलेलाच नसतो.

तुकड्यावरून निदान

तंगूस अखंड बाहेर आला असेल, त्यावर पांढुरके लांबट ओरखडे असतील आणि बोट फिरवल्यावर खरखरीत लागत असेल, तर सांधा सरकला आहे. कारण लांबी, माप किंवा तोंड या तिघांपैकी एक.

ब्रेड तुटला असेल आणि तुटलेली जागा आतल्या तंगुसाच्या टोकापाशी असेल, तर टोक निमुळतं केलेलं नव्हतं, किंवा तिथे गोंद पोचला होता.

तंगूस तोंडापाशीच तुटला असेल आणि तुटलेल्या टोकाच्या आसपास नायलॉन पांढरा पडला असेल, तर तोंड ताठ झालं होतं. गोंद जास्त, किंवा तोंडाभोवतीची दोऱ्याची बांधणी एका जागी संपलेली.

ब्रेड सांध्यापासून दूर कुठेतरी तुटला असेल तर सांध्याला दोष देऊ नका. रॉडच्या गाईडची (लाइन जिच्यातून जाते ती) रिंग तडकलेली आहे का, रीलचा लाइन रोलर फिरतोय का ते बघा. रिंगमधली तडक डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवा, अडकला की समजा.

सरकणारा सांधा

लांबीपासून सुरुवात करू. तंगूस आत ३० सेंमी घालून तोंडाला गोंद लावलेले सांधे सर्रास दिसतात, आणि हलक्या लाइनवर काही दिवस चालतातही. ६० ते १०० पौंडी (म्हणजे तितक्या पौंडांचा भार पेलणाऱ्या) ब्रेडमध्ये ९० ते १२० सेंमी तंगूस आत असायला हवा. १३० पौंडी आणि त्यापुढच्या लाइनमध्ये १५० सेंमीपर्यंत गेलात तरी वाया जात नाही. ही लांबी मोजायची ती ब्रेड पूर्ण ताणून सपाट बसवल्यावर. गोळा झालेल्या अवस्थेत नव्हे. गोळा झालेला ब्रेड सुईवर निम्म्या लांबीत मावतो, त्यामुळे सुईवर ४० सेंमी चढलेला ब्रेड म्हणजे ताणल्यावर ८० सेंमीच्या आसपास. इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते.

मग माप. तंगूस फार बारीक असेल तर पेड आवळता आवळता एकमेकांना टेकतात आणि नळी तिथेच अडते, आतल्या तंगुसापर्यंत दाब पोचतच नाही. फार जाड असेल तर वीण आधीच पूर्ण पसरलेली असते, पेड जवळजवळ आडवे पडलेले असतात आणि लाइनची ताकदही घटते. साधारणपणे ब्रेडवर जितके पौंड लिहिलेले असतात, तितक्याच किंवा त्याच्या एक पायरी खालच्या-वरच्या पौंडांचा तंगूस त्यात बसतो. पण पौंडाच्या आकड्यावर विसंबू नका, कारण त्याच पौंडाचा तंगूस वेगवेगळ्या कंपन्यांचा वेगवेगळ्या जाडीचा असतो. १० सेंमीचा तुकडा ओवून बघा. ताण दिल्यावर पेड एकमेकांना लागून बसावेत आणि मधून तंगूस दिसता कामा नये. दिसला तर तो जाड आहे. ताण काढून ब्रेड जवळ ढकलला की तो तंगुसावरून सहज फुगावा. ताण दिलेला असतानाही दोन बोटांत तंगूस आतल्या आत गोल फिरतोय असं जाणवलं, तर तो बारीक आहे.

आणि तोंड. तोंडाभोवतीची दोऱ्याची बांधणी शोभेसाठी नसते. वर सांगितलेली सरक जिथून सुरू होते ती जागा ती बांधून ठेवते. या बांधणीत सगळ्यात जास्त चुकतो तो क्रम. ब्रेड तंगुसावर ओवून लगेच तोंड बांधलं, तर आत कुठे कुठे गोळा राहिलेला ब्रेड नंतर पहिल्या मोठ्या ओढीला सपाट होतो, लांबतो आणि बांधणीच्या मागे ढिली पिशवी तयार होते. आधी सांधा बसवायचा आणि मगच बांधायचा.

बसवताना आतल्या टोकापाशी ब्रेड एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने तिथून तोंडाकडे निपटत या. पाच-सहा वेळा. उलट दिशेने, म्हणजे तोंडाकडून आत निपटलं, की ब्रेड सैल होतो. सांधा काढायचा असेल तेव्हा हीच युक्ती कामाला येते. निपटून झाल्यावर लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाएवढा ताण देऊन अर्धा मिनिट धरा, पुन्हा निपटा. तोंड तंगुसावर आणखी थोडं पुढे आलेलं दिसेल. ते पुढे येणं थांबलं की सांधा बसला.

आता बांधणी. मेण लावलेला दातांचा दोरा उत्तम, नाहीतर १० ते २० पौंडी बारीक भरीव ब्रेड. तोंडाच्या आधी १२ मिमीवर, ब्रेडवर सुरुवात करा आणि एक उजवीकडून, एक डावीकडून अशा अर्ध्या गाठी शेजारी शेजारी मारत तोंड ओलांडून तंगुसावर ८ ते १० मिमी पुढे जा. एकूण बांधणी २० ते २२ मिमी. शेवटचे सहा-सात वेढे वेगळ्या दोऱ्याच्या फाशावरून घ्यायचे, दोऱ्याचं टोक त्या फाशात घालायचं आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली लपवायचं. गाठ बाहेर राहिली तर ती गाईडला लागून सुटणार. वेढे घट्ट हवेत, पण तंगुसात रुतणारे नकोत. नखाने चाचपून बघा, तंगुसावर खाच जाणवली तर सोडून पुन्हा बांधा.

बांधण्याआधी तोंडाच्या दशा सुटलेल्या असतील तर पाच मिमी कापून टाका. बोथट कात्री हा धागा कापत नाही, चावते. नवं दाढीचं ब्लेड आणि कडक पाट वापरा. लाइनवर चिकटपट्टीचा एक वेढा देऊन पट्टीच्या मधोमध कापलं की दशा सुटतच नाहीत. पट्टी नंतर सोलून काढायची.

आतला तंगूस फ्लोरोकार्बनचा असेल तर हे सगळं जास्तच काटेकोरपणे करा. तो नायलॉनपेक्षा कडक असतो आणि गोंद त्याला धरत नाही म्हटलं तरी चालेल.

गोंदाबद्दल एकदाच

झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद पॉलिएथिलीनला चिकटत नाही. तो धाग्यांच्या फटीत शिरून वाळतो आणि तिथे काडीसारखा ताठरपणा येतो, इतकंच. नायलॉनला तो बऱ्यापैकी धरतो. म्हणून त्याची जागा एकच: बांधणी पूर्ण झाल्यावर तिच्यावर एक बारीक थेंब, टाचणीच्या टोकाने पसरवलेला. सरळ नळीतून सोडाल तर विणीतून चढत दोन सेंटीमीटर आत जातो. लवचिक राहणारा रबरी गोंद मिळत असेल तर तो अधिक बरा. आतल्या टोकापाशी गोंद कधीही नको, कारण तिथे ब्रेडवर पूर्ण भार असतो आणि ताठ झालेला भाग जिथे संपतो तिथेच लाइन दुमडून तुटते.

तंगूस तोंडापाशी तुटत असेल तर उपाय याच परिच्छेदात आहे: गोंद कमी करा, आणि बांधणीचे शेवटचे तीन-चार वेढे तंगुसावर जरा सैल ठेवा, म्हणजे वाक एका बिंदूवर येणार नाही.

आतल्या टोकापाशी ब्रेड तुटणं

चौकोनी कापलेलं तंगुसाचं टोक आत पायरी तयार करतं. ब्रेड त्या पायरीवरून उतरताना वाकतो, आणि प्रत्येक फेकीला तीच जागा गाईडवर आपटते. टोकाचे शेवटचे २५ ते ३० मिमी निमुळते करा: आधी ब्लेडने तिरके तासा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या घडीत धरून गोल फिरवत घासा आणि शेवटी ८०० नंबरवर गुळगुळीत करा. टोक बारीक हवं, पण टोचणारं नको. अणकुचीदार टोक दोन पेडांच्या मधून बाहेर डोकावतं आणि एकदा बाहेर आलं की दर खेपेला आणखी सरकत येतं. सांध्यावरून ओलं बोट फिरवताना काटा टोचल्यासारखं लागलं तर हेच झालेलं असतं. तिथला ब्रेड दोन्ही बाजूंनी जवळ ढकलून फुगवा, टोक आत जाऊ द्या, निपटा. तरी परत आलं तर टोक पुन्हा घासण्याला पर्याय नाही.

लायटरने टोक गोल करायचा मोह आवरा. नायलॉन वितळून टोपी बनते, ती मूळ तंगुसापेक्षा जाड असते. शिवाय पॉलिएथिलीनचा धागा १५० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो, त्यामुळे ज्योत जवळून नुसती गेली तरी भिंतीतले एक-दोन पेड जायबंदी होतात आणि वरून ते कळतही नाही.

घरची सुई आणि तिचे दोष

तंगूस ओवायला नळीची सुई लागते: पुढचं टोक बंद आणि गोल, मागचं टोक उघडं, त्यात तंगूस बसवायचा. गोंद सोडायच्या बोथट सुयांची स्टीलची नळी यासाठी चांगली पडते. नवीनच घ्या, वापरलेली इंजेक्शनची सुई या कामाला आणू नका. मापं ठरलेली असतात. २० गेजची नळी बाहेरून ०.९१ आणि आतून ०.६० मिमी, १८ गेज १.२७ आणि ०.८४; १६ गेज १.६५ आणि १.१९. नळी १० सेंमीच्या आसपास लांब मिळाली तर हाताळायला सोपी.

नळी कापताना पक्कड वापरली तर ती चपटी होते. तिकोनी कानशीने सगळीकडून खाच पाडा आणि मोडा. तोंड आतून टाचणीने आणि बाहेरून पॉलिश पेपरने साफ करा. पुढच्या टोकात बरोबर बसणाऱ्या स्टीलच्या तारेचा १२-१३ मिमीचा तुकडा गोंद लावून घाला, ३ मिमी बाहेर ठेवा आणि घासून गोल करा. आता एक चाचणी कुणी करत नाही, पण निम्मे वैताग तिथेच संपतात: सुई कापसाच्या पातळ थरातून ओढून बघा. एक जरी तंतू धरला तरी ती विणीत पेड धरणार. १००० आणि मग २००० नंबरच्या पेपरवर घासत राहा, कापूस सुटेपर्यंत.

तंगूस नळीत बसत नाही आणि त्याहून मोठी नळी ब्रेडमध्ये जात नाही, असा पेच नेहमी येतो. वाट सोपी आहे. तंगुसाचं टोक नाहीतरी निमुळतं करायचंच आहे. ते जरा जास्त निमुळतं करा आणि फक्त बारीक भाग नळीत १० ते १५ मिमी घट्ट दाबून बसवा. ०.९ मिमीचा तंगूससुद्धा अशा प्रकारे २० गेजच्या नळीमागे जातो. नळीत बसणारा भाग ४०० नंबरवरच खरखरीत सोडा, नाहीतर अर्ध्या वाटेत सुटतो. सुटलाच, तर सुई एकटी पुढे काढून घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. सुई मागे ओढू नका. पुढे जाताना नळीची मागची कड ब्रेडला लागत नाही, कारण ब्रेड जाड नळीवरून बारीक तंगुसावर उतरत असतो. मागे ओढताना हीच कड पेडांत रुतते.

ओवताना सगळा खेळ ब्रेड गोळा करण्याचा आहे, पायजम्यात नाडी ओवतो तसा. सुई स्थिर धरायची, ब्रेड तिच्यावर जवळ जवळ गोळा करायचा, आणि गोळा झालेला भाग मागे तंगुसावर सारायचा. सुई जोराने पुढे ढकलली की ती भिंतीतून बाहेर पडते. बाहेर पडली तर दोन सेंटीमीटर मागे ब्रेड फुगवून टोक तिथवर येऊ द्या आणि दिशा सरळ करून पुन्हा आत सोडा. ठरलेल्या लांबीवर पोचल्यावर ती मुद्दाम दोन पेडांच्या मधून बाहेर काढायची, नळी काढायची, तंगुसाचं टोक पुन्हा एकदा घासायचं, आणि ब्रेड ताणून टोक आत जाऊ द्यायचं. बाहेर पडलेल्या जागी धाग्याचा एखादा फास वर राहिला तर दोन्ही बाजूंनी ताणून निपटल्यावर तो बसतो. पेड तुटलेलाच असेल तर मात्र तो भाग कापा. १६ पैकी एक गेला तर बाकीचे १५ भार सारखा वाटून घेत नाहीत.

नवी लाइन कडक असेल तर तिच्यावरच्या लेपामुळे तोंड उघडत नाही. टोकाकडचा मीटरभर भाग बोटांत मळा, दोन-चार वेळा गोळा करून ताणा. वापरलेली लाइन आधी गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. विणीत अडकलेले मिठाचे कण आणि वाळू सुईला अडवतात आणि सांध्याच्या आत राहिले तर तंगूस खरडत राहतात.

ब्रेड ब्रेडमध्ये ओवताना

इथे नळी चालत नाही, तारेची ओढणी लागते. गिटारची सगळ्यात बारीक, वेटोळं नसलेली तार ०.००९ किंवा ०.०१० नंबरांच्या गोंधळात न पडता जाडीवरून निवडा: ०.२३ ते ०.२५ मिमी. ७० सेंमी तार मधोमध एखाद्या बारीक टाचणीभोवती दुमडा, नाक पक्कडीने हलकेच दाबून अरुंद करा, पण पूर्ण चपटं करू नका. चपट्या दुमडीवर ही तार तुटते. तार तापवूही नका, तिचा स्प्रिंगपणा जातो. दोन्ही शेवट रिकाम्या पेनाच्या नळीत गोंदाने बसवले की मूठ झाली.

नेहमीचा अडथळा म्हणजे ओढताना मध्येच अडकणं. तारेच्या नाकात अडकवलेली शेपटी तिथे दुहेरी होते आणि तो सगळ्यात जाड भाग असतो. फक्त २ ते ३ सेंमी अडकवा, आणि त्याआधी शेपटीतले चार पेड टोकापासून ५ सेंमीवर, आणखी चार ३ सेंमीवर कापून काढा. शेपटी निमुळती होते, ओवायलाही सोपी जाते आणि आत पायरीही राहत नाही.

दोन पोकळ लाइन जोडायच्या तर दोन्हींवर टोकापासून ५० सेंमीवर खूण करा. पहिल्या लाइनमध्ये टोकापासून १०० सेंमीवर ओढणी आत घाला, ५० च्या खुणेवर बाहेर काढा, दुसरीचं टोक अडकवा आणि दोन्ही खुणा भेटेपर्यंत ओढून घ्या. मग दुसऱ्या लाइनमध्ये हेच. खुणा समोरासमोर आल्या की मधून दोन्हींकडे बाहेर निपटा, शेपट्या आत गडप होतील. एकच बाजू ओवून दुसरी तशीच कापणारे आहेत. तो सांधा सरकतो, त्यात आश्चर्य काही नाही.

फासा (लाइनच्या टोकाचं वळं) करताना अडचण उलटी असते. भाराखाली तो कधीच सुटत नाही, सैल असतानाच शेपटी हळूहळू बाहेर येते, कारण गुळगुळीत धाग्यात गुळगुळीत धागा आहे आणि आवळायला ताण नाही. शेपटी ३५ सेंमी ठेवा. फाशाच्या मुळाशी ती मुख्य लाइनच्या आरपार, पेडांच्या मधून, एकेक सेंटीमीटरवर तीनदा काढा, आणि मगच उरलेली आत पुरा. आत २५ सेंमी हवी. फाशापासून मुख्य लाइनकडे निपटा. फाशात फासा अडकवताना एकदाच नव्हे, दोनदा ओवून सरळ ओढून बसवा. एकेरी अडकवलेला बारीक फासा दुसऱ्याला कापत जातो.

ताण देऊन तपासणी

हाताला लाइन गुंडाळून ओढू नका, ती मांसात उतरते. गुळगुळीत गोल दांड्यावर सहा-सात वेढे घ्या, दुसऱ्या बाजूला सामान मोजायचा स्प्रिंगकाटा. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण तंगूस ताणलेला असतो आणि सुटला की काट्यासकट उलटा येतो.

बांधणी संपते तिथून ५ मिमीवर तंगुसावर पक्क्या शाईने रेघ मारा. लाइन आणि तंगूस यांपैकी कमी ताकदीचं जे असेल त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ताण द्या: ६० पौंडाला २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलो. द्या, पूर्ण सोडा, पुन्हा द्या. दहा वेळा. सोडणं महत्त्वाचं, सरक तिथेच पकडली जाते. सैल अवस्थेत रेघ आणि बांधणी यांमधलं अंतर मोजा. १ मिमीपर्यंत फरक म्हणजे बांधणी बसली. दहाव्या ओढीपर्यंत अंतर वाढतच असेल तर बांधणी सोडा आणि लांबी व माप पुन्हा बघा. वरून आणखी दोरा गुंडाळून ते थांबणार नाही.

ती रेघ पुसू नका. दर वेळी रीलवरून लाइन सोडताना एक नजर टाकली की पुरे. अंतर ३ मिमीहून वाढलं की सांधा नव्याने करायचा, आणि करताना ब्रेडचा जो भाग जुन्या तंगुसावर होता तो सगळा कापून टाकायचा. तो आतून घासलेला असतो आणि त्याची वीण पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही.